माळवद उतरवताना

औसा, रोहिणी नक्षत्र

प्रिय दिगू,

दोन वर्षांत एक ओळ नाही. आधी शिव्या घालून घे, मग पुढं वाच. तब्येत बरी, गुडघे होते तसेच.

कारण तुमचा वाडा. आप्पा शेवटी हो म्हणाले आणि मृगाच्या आत माळवद, म्हणजे ते मातीचं सपाट छत, उतरवायला घेतलंय. माजघरावर टेप धरली तर दीड फूट माती. कापलेल्या कडेला थर दिसतात, भाकरीच्या चवडीसारखे. गळलं की पांढरी माती टाकायची, पुन्हा गळलं की पुन्हा. जुनी कुणी काढत नाही. दहा बाय बाराच्या खोलीवर दीड फूट म्हणजे 180 घनफूट. घनफुटाला 45 किलो धर, आठ टन डोक्यावर. पावसात भिजली की आणखी जड.

खालची भिंत अडीच फुटी, पण ती एक भिंत नव्हेच. बाहेरून एक थर, आतून एक, मध्ये दगडगोट्यांची आणि चिखलाची भर. दोन्ही थर बांधणारा आरपार जोडदगड कुठंच नाही. हलली की दोन्ही अंगं फुगतात, सुटतात आणि आठ टन खाली बसतात. किल्लारीला 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे चारच्या आसपास हेच झालं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जन करून दमलेली माणसं घरात झोपलेली. जिथं लाकडी खणाचे, म्हणजे चौकटीचे, खांब आतून छत धरून उभे राहिले, तिथं भिंती पडूनही काही जण वाचले. कुडाच्या, पत्र्याच्या घरातलेही बरेच वाचले.

परवा आप्पा त्या कापलेल्या कडेखाली उभे राहून म्हणाले, "मग देवाचं काय चुकलं होतं?" बत्तीस वर्षांत त्यांच्या तोंडून देव हा शब्द आपण ऐकला नव्हता. मला उत्तर आलं नाही, म्हणून तुला लिहितोय.

होस्टेलच्या गच्चीवरचं भांडण आठव. तुझं म्हणणं, देवावर गुन्हा दाखल करा, कलम मी शोधतो. मी ब्रह्मसूत्रातलं 2.1.34 फेकायचो: ईश्वर पक्षपाती नाही, निर्दयही नाही, तो कर्म बघून फळ देतो. शंकराचार्यांचा दाखला पावसाचा. पाऊस सगळ्यांना सारखा, पीक ज्याच्या त्याच्या बियाण्याचं. तू विचारायचास, सहा महिन्यांच्या पोराचं बियाणं कोणतं? मग मी पुढच्या सूत्रावर उडी मारायचो, संसार अनादि आहे. "म्हणजे अर्ज पुढच्या टेबलावर," असं तू म्हणलास ते मला तेव्हा फार झोंबलं होतं. आज कबूल करतो, टेबल खरंच रिकामं होतं.

पैठणच्या बाजूला चक्रधरांनी त्याहून चोख वाटणी केली होती. सुखदुःखाची फळं देवता देतात, परमेश्वर फक्त मोक्ष देतो. खातीच वेगळी, त्यामुळं परमेश्वराकडं तक्रार न्यायची सोयच नाही. गावाला मात्र तक्रार कुठंतरी न्यायचीच असते. पटकी, म्हणजे कॉलरा, आली की मरीआईचा गाडा ओढून शेजारच्या शिवेवर सोडायचे; रोग जायचा की नाही ते सोड, दोष पुढच्या गावावर जायचा. आता लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालतात. मरीआईला नैवेद्य अजून मिळतो, पण पटकीचं तिला कुणी विचारत नाही. एकेक खातं असं देवाकडून सुटत गेलं.

भूकंपाचं सुटेना. 1934 ला बिहारात झाला तेव्हा गांधीजी म्हणाले, ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा. टागोरांनी जाहीर विरोध केला. आपल्याकडंही 93 साली पापांच्या याद्या निघाल्याच की. पण ती शिक्षा असली तर मोठी विचित्र होती, ती माळवदाच्या जाडीप्रमाणं वाटली गेली. पाप घनफुटात मोजतात का रे?

हे सगळं आप्पांना सांगता आलं असतं. जीभ अडकली ती पुढं. देवाला सोडवलं की दोष मातीवर येतो आणि मातीपाशी माणूस उभा असतो. त्या उन्हाळ्यात आक्काच्या सासरी गळतंय म्हणून दोन गाड्या पांढरी माती कुणी पाठवली, तुला माहीत आहे. लेकरांच्या अंगावर पाणी पडू नये म्हणून पाठवली होती. या दोषाला कोणतं सूत्र लावायचं? दोन गाड्यांनी फरक पडला नसता, आधीचीच पुष्कळ होती, हा हिशेब मी तीनदा करून बघितला. खराच आहे. पण तो सांगायचा म्हणजे आप्पांच्या मनात काय आहे हे मला ठाऊक आहे, असं कबूल करायचं.

गंगाखेडची जनाबाई विठ्ठलाला सरळ शिव्या घालायची. आप्पांनी तेवढं केलं असतं तर मोकळे झाले असते. त्यांनी देवघराला कुलूप घातलं.

पोरीचे मार्क कळले, पेढे उधार ठेव. पुण्याच्या घराचं भेटल्यावर बोलू.

मिस्त्री आठ इंच माती ठेवायची म्हणतोय, तिच्याखाली प्लास्टिकचा कागद. भिंतीत दर मीटर-सव्वा मीटरवर आरपार तीन इंची भोक पाडून त्यात दोन्हीकडं आकडा वळवलेली 8 मिलीमीटरची सळई आणि काँक्रीट. भोक पाडताना ठोकायचं नाही, दगड हलवून हलवून काढायचा, नाहीतर तीच भिंत अंगावर येते. सगळ्या खोल्या आठवड्यात होतील. देवघरावरची माती तेवढी राहिलीय, आतून टेकू दिल्याशिवाय चढता येत नाही. किल्ली तुझ्याकडं आहे म्हणतात आप्पा. पोस्टानं पाठवू नकोस, घेऊन ये.

तुझा,
वसंता