आप्पांचा डबा परत चालू करणाऱ्या फायबरवाल्या दादाला

दादा,

तुझं नाव इथे लिहीत नाही. जाताना तूच म्हणालास, वहिनी कुठे टाकलंत तर माझं नाव नको, बाकीच्या कंप्लेंटी पेंडिंग ठेवून मी तुमच्याकडे बसलो होतो हे साहेबाला कळलं तर शिव्या पडतील. गुहागर तालुक्यात फायबर ओढणारी पोरं काही कमी नाहीत, त्यामुळे तू कोण ते कळायचं नाही कुणाला. अरेतुरे करतेय, राग मानू नकोस, माझा धाकटा भाऊ तुझ्याच वयाचा आहे.

तू आमच्याकडे आला होतास तो माकडांनी तोडलेली केबल जोडायला. आप्पांची रेकॉर्डिंगं ज्यात आहेत त्या कॉम्प्युटरच्या डब्याचा आणि तुझा काही संबंधच नव्हता. तुझं काम झालं होतं, राउटरवरचा लाल लाईट गेला होता, सही घेऊन निघायचं एवढंच. पण माजघरात फडताळाजवळ आप्पा तोंड पाडून बसले होते आणि डबा टूं टूं वाजत होता, तर तू चप्पल घालता घालता थांबलास आणि विचारलंस, आजोबा, हा कधीपासून वाजतोय? त्या प्रश्नासाठीसुद्धा थँक्यू म्हणायला हवं कारण आधी जे जे येऊन गेले त्यातल्या एकानेही आप्पांना काही विचारलं नव्हतं.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. आमचे आप्पा, म्हणजे माझे सासरे, प्राथमिक शिक्षक होते आणि नोकरीत असल्यापासून त्यांना एकच नाद, रेकॉर्डिंग. आमच्या कोकणातली नमन-जाखडीसारखी लोककला असो, शिमग्यात पालखी नाचवणं असो, आप्पा टेपरेकॉर्डर घेऊन हजर. पुढे हँडीकॅम आला. जाखडीतले दोन पक्ष, शक्तीवाले आणि तुरेवाले, रात्र रात्र एकमेकांना सवाल टाकायचे ते, नमनातली गौळण, संकासुराची सोंगं, सगळं कॅसेटवर. त्यातले कितीतरी गाणारे आणि मृदंग वाजवणारे आज नाहीत. मग २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. आमच्या नात्यातल्या एका घरात तळमजल्यावरचे सगळे लग्नाचे अल्बम चिखलाच्या वड्या होऊन बाहेर आले. ते बघून आल्यावर आप्पांना झोप लागेना. माझे दीर पुण्याला असतात, त्यांनी कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या आणि नास का काय म्हणतात तो नेटवर्कवरचा स्टोरेज डबा आणून बसवला. आत दोन हार्ड डिस्क, एकीवर जे जाईल तेच दुसरीवर, म्हणजे एक उडाली तरी दुसरी शाबूत. आप्पा कॉम्प्युटरवर बसून त्यातलं काढून ऐकायचे, वाडीतली पोरं गणपतीत जाखडीच्या जुन्या चाली मागायला यायची, सगळं मजेत चाललं होतं.

आणि एक दिवस विंडोजचं मोठं अपडेट आलं, कॉम्प्युटर बराच वेळ फिरत बसला, चालू झाला तर डबा उघडेना. डब्याचे लाईट लागलेले, मोबाईलवरच्या ॲपमधून फायली दिसतायत, पण कॉम्प्युटरवर क्लिक केलं की पाटी येते, तुमच्या ऑर्गनायझेशनच्या सिक्युरिटी पॉलिसीमुळे ह्या फोल्डरमध्ये गेस्ट म्हणून जाता येणार नाही. आता आमच्या घरात कसली आली ऑर्गनायझेशन? आप्पा, आई म्हणजे माझ्या सासूबाई, मी, माझा मुलगा आणि एक बोका. पॉलिसी काय ती आईची, जेवणाच्या ताटावर मोबाईल नाही.

मग सुरू झाली वरात. डब्याच्या कंपनीला फोन लावला तर ते म्हणे डबा पिंगला, म्हणजे नेटवर्कवरून मारलेल्या हाकेला, उत्तर देतोय ना, मग आमच्याकडून सगळं ओके, प्रॉब्लेम कॉम्प्युटरचा. कॉम्प्युटर ज्याने जोडून दिला तो म्हणे कॉम्प्युटरवर नेट चालतंय ना, मग प्रॉब्लेम डब्याचा. ह्यांच्या ओळखीचा मुंबईचा एक एक्स्पर्ट फोनवरून म्हणाला मी बसल्या जागी करतो, स्क्रीन ताब्यात घेतली, काय काय खटपट केली, शेवटी एसएमबी वन नावाची, नेटवर्कवरून फायली उघडायची कुठलीतरी जुनी पद्धत चालू करून ठेवली आणि म्हणाला आता होईल, रीस्टार्ट करा. झालं नाही ते नाहीच. नंतर तू बघितलंस तेव्हा पहिल्यांदा तुझ्या तोंडातून च् च् निघालं. हे कोणी उघडं ठेवलं म्हणालास, २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय व्हायरस ह्याच दारातून जगभर शिरला होता, म्हणून तर विंडोजवाले आता हे बंदच देतात. आणि तुमच्या डब्याला त्याची गरजसुद्धा नाही. बंद करून टाकलंस.

पण खरा राग मला आहे तो घरी येऊन गेलेल्या त्या महाशयांवर. व्हिजिट चार्ज आधी घेतला. घरात जेन्ट्स कोणी नाहीत का, म्हणे. आप्पा समोर बसलेत! ते बहुतेक म्हातारे झाले म्हणून जेन्ट्समध्ये धरत नसावेत. मग पासवर्ड सांगा काका, असं पडवीत बसलेल्या चार माणसांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, आणि आप्पांनी चाचरत सांगितला तो त्या महाशयांनी खिशातलं काळं मार्कर काढून डब्याच्याच डोक्यावर मोठ्या अक्षरात लिहून टाकला, म्हणजे परत परत विचारायला नको. आप्पांच्या पासवर्डात माझ्या कै. आत्येसासूबाईंचं लाडाचं नाव होतं, जे घरात आता कोणी उच्चारत नाही. ते तिथे काळ्या शाईत. येणारा जाणारा वाचतोय. त्यानंतर डबा चालू असतानाच एक डिस्क खेचून काढली, कुठल्यातरी वायरने कॉम्प्युटरला लावली, आणि विंडोजने विचारलं ही डिस्क वापरायची तर फॉरमॅट करावी लागेल, करू का? ह्यांनी मागे वळून मला विचारलं, मारू का फॉरमॅट? आप्पा एवढ्या जोरात ओरडले की आई चुलीवरचं सोडून धावत आल्या.

तू समजावलंस तेव्हा कळलं की डब्यातली डिस्क लिनक्सच्या पद्धतीने लिहिलेली असते, विंडोजला ती वाचताच येत नाही म्हणून ते फॉरमॅट विचारतं, डिस्क बिघडलेली नसतेच. ह्या गृहस्थांनी मात्र डिस्क उडाली म्हणून निकाल दिला, रिकव्हरीचा आकडा सांगितला आणि डिस्क जागेवर ढकलून निघून गेले. डबा वाजायला लागला तो तेव्हापासून. आप्पा जेवेनात. त्यांना वाटलं सगळं गेलं.

तर अशा घरात तू आलास.

तू नक्की काय काय केलंस ते मला धड सांगता येणार नाही आणि इथे ते लिहायचंही नाही. एवढं समजलं की आमचा कॉम्प्युटर इतके दिवस डब्याकडे गेस्ट म्हणून जायचा, ना नाव ना पासवर्ड, आणि दोघांचं चालून जायचं. विंडोज ११ च्या २४एच२ अपडेटपासून प्रो वाल्या कॉम्प्युटरवर ते चालत नाही. नाव-पासवर्ड नसेल तर समोरचा डबा खरा की कोणी डब्याचं सोंग घेऊन बसलाय ते ओळखायचं कसं, असं तू म्हणालास आणि सोंग म्हटल्यावर आप्पा पहिल्यांदा हसले. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगांत, आकडे बदलून जुन्यासारखं करता येतं पण ते मी करणार नाही, आजोबांच्या नावाने डब्यात रीतसर खातं काढूया, असं म्हणालास, एवढं सरळ होतं ते सगळं. जाता जाता लॅनच्या केबलचं टोक दाखवलंस, खाऱ्या हवेने आतल्या पट्ट्या हिरव्या पडलेल्या, आठातल्या सगळ्या तारा लागत नव्हत्या म्हणून स्पीड शंभरावरच अडकलं होतं, गिगाबिटला आठही लागतात म्हणे. कापून नवीन टोक मारलंस. ते तर कोणी सांगितलंही नव्हतं तुला.

पण मी हे पत्र लिहितेय ते ह्यातल्या कशासाठीच नाही.

डब्याला हात लावायच्या आधी तू तो जरासा पुढे ओढलास आणि तुला ते मार्करचं नाव दिसलं. तू वाचलंस, मला दिसलं तू वाचलंस, पण हे काय आहे असं विचारलं नाहीस. तुझ्या बॅगेत फायबर जोडायच्या आधी काच पुसायला असतात ते स्पिरिटचे ओले वाइप्स होते. त्यातला एक फाडलास आणि पुसायला लागलास. लगेच जात नव्हतं, प्लॅस्टिकच्या खाचांत शाई बसली होती, तू दुसरा वाइप घेतलास, नखाला गुंडाळून एकेका खाचेत फिरवलास, आणि पूर्ण काळा झालेला तो कपटा घडी करून स्वतःच्याच खिशात टाकलास. आमच्या केरात नाही टाकलास.

मग म्हणालास, आजोबा आता नवीन पासवर्ड तुम्हीच टाका, मला सांगू नका, वहिनींना पण सांगायची गरज नाही. कीबोर्ड त्यांच्या पुढे सरकवलास आणि खुर्ची अख्खी फिरवून खिडकीकडे तोंड करून बसलास. आप्पांना टाइप करायला वेळ लागतो, एक बोट, मग चष्मा वर, मग परत बोट. चुकलं, दोन्ही जागी सारखं नाही म्हणून मशीन नाही म्हणालं. तू वळला नाहीस. तुझा फोन सारखा वाजत होता, तो खिशातल्या खिशात बंद केलास आणि बाहेर बघत राहिलास, बाहेर बघण्यासारखं काय, आमचा गडगा आणि त्यावर वाळत घातलेली गोधडी. झालं का असंही विचारलं नाहीस. आप्पाच म्हणाले, हं, वळ आता.

कितीतरी दिवसांनी त्या माणसाचा आवाज मास्तरांसारखा आला बघ.

मी नंतर आईंना म्हटलं की असं तर सगळ्यांनीच करायला हवं, ह्यात काय मोठं, बँकेत एटीएमपाशी पण मागे उभं राहू नये असं लिहिलेलं असतं. आई म्हणाल्या, लिहिलेलं असतं गो, राहतात की नाही ते बघ. आणि मग त्यांनी त्यांच्या सासूच्या वेळच्या पोस्टमनची गोष्ट सांगितली. तेव्हा अर्धी वाडी मुंबईच्या मनीऑर्डरवर जगायची, बायकांना वाचता यायचं नाही, पोस्टमनच पाखाडी चढून यायचा, पैसे मोजून द्यायचा आणि खाली लिहिलेल्या दोन ओळी वाचून दाखवायचा. कोणाच्या नवऱ्याने पैसे कमी धाडले, कोणाच्या घरी भांडण, कोण गिरणीतून निघाला, सगळं त्याला ठाऊक. पण ह्या घरातलं त्या घरात कधी गेलं नाही. रिटायर झाला, वारला, त्याच्यासोबत सगळं गेलं. आई म्हणाल्या हा पोरगा त्यातलाच. मला वाटतं तुला ह्याहून मोठं सर्टिफिकेट आमच्या घरात मिळणार नाही, कारण आई सहसा कोणाला चांगलं म्हणत नाहीत, मला तर लग्नाला इतकी वर्षं झाली तरी नाही.

तू पैसे घेतले नाहीस. आईंनी बॅगेत तळलेले गरे कोंबले ते तू नको नको म्हणत घेतलेस, खाल्लेस की नाही माहीत नाही, यंदा जरा कडक झालेत.

तू सांगितल्याप्रमाणे डबा रात्रभर बंद केला नाही, दोन्ही डिस्क परत सारख्या होईपर्यंत. मध्ये लाईट गेली तर इन्व्हर्टरवर तो आणि राउटर एवढंच ठेवलं, पंखेसुद्धा बंद, आम्ही सगळे घामाने भिजलो पण आप्पा उठून उठून टक्के बघत होते. सकाळी वाजायचं थांबलं होतं, लाईट हिरवे. आणि ते दुसरं जे म्हणालास, दोन डिस्क आहेत म्हणजे बॅकअप आहे असं समजू नका, पाणी आलं तर दोन्ही एकाच डब्यात बुडणार, ते आप्पांना बरोब्बर लागलं, चिपळूण डोळ्यांसमोर आहे ना. शिमग्याला दीर आले तेव्हा सगळं एका वेगळ्या हार्ड डिस्कवर भरून त्यांच्यासोबत पुण्याला धाडलं. पालखी आमच्या खळ्यात आली त्या रात्री पोरांनी आप्पांच्या जुन्या रेकॉर्डिंगमधलं नमन स्पीकरवर लावलं आणि एका म्हाताऱ्या आजींनी स्वतःच्या नवऱ्याचा मृदंग ओळखला.

आता एकच अडचण राहिलीय आणि ती तुझ्यामुळे झालीय. आप्पा नवीन पासवर्ड कोणालाच सांगत नाहीत. दिरांनी फोनवरून विचारला, नाही सांगितला. मी म्हटलं कागदावर लिहून पाकिटात बंद करून देवाच्या कपाटात तरी ठेवा, उद्या काही झालं तर आम्ही काय करायचं, तर म्हणतात त्या पोराने सांगितलंय, सुनेला पण सांगायची गरज नाही. तेव्हा इकडची एखादी कंप्लेंट निघाली की वाट वाकडी करून ये आणि तुझ्याच तोंडाने सांग त्यांना, माझं काही ऐकत नाहीत.

तुझी,
वहिनी