सल्ला घ्या, पण उत्तरही लेखी द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सोलापूर महापालिकेने हवामानबदल आणि पर्यावरण या विषयांवर नागरिकांची एक सल्लागार समिती नेमावी, ही सूचना शहरात अधूनमधून पुढे येते. कधी उन्हाळ्याच्या तोंडाशी, कधी आदिला नदीचे पाणी वसाहतींकडे सरकू लागल्यावर, तर कधी सिद्धेश्वर तलावाचे पाणी हिरवे पडल्यावर. सूचना चांगली आहे आणि तिला माझा पाठिंबा आहे. मात्र अशा एका समितीत बसून आलेला माणूस म्हणून, ती नेमण्याआधीच एक अट घालून घ्यावी असे मला सुचवायचे आहे. समितीला अधिकार नकोत, मानधन नको, दालन नको. तिच्या प्रत्येक लेखी शिफारशीला ठरावीक मुदतीत कारणांसह लेखी उत्तर मिळावे, एवढेच हवे.

काही वर्षांपूर्वी एका कार्यालयाने नेमलेल्या अशाच समितीचा मी सदस्य होतो. कार्यालयाचे नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण तिथली माणसे काही वाईट नव्हती. पहिल्या बैठकीत गुलाबाचे फूल, चहा, बिस्किटे आणि सामूहिक छायाचित्र झाले. दुसरीत आम्ही सूचना मांडल्या आणि एका लिपिकाने त्या वहीत उतरवून घेतल्या. तिसऱ्या बैठकीला नवे अधिकारी आले होते. त्यांनी आमची पुन्हा ओळख करून घेतली आणि आम्ही त्याच सूचना पुन्हा मांडल्या. चौथ्या वेळी मी आधीच्या बैठकांचे इतिवृत्त मागितले. "साहेब, ते वर गेलंय," असे लिपिक म्हणाला. वर म्हणजे कोणाकडे, असे विचारल्यावर तो बिचारा छताकडे पाहू लागला. पाचवी बैठक झालीच नाही. समिती बरखास्त झाल्याचेही आम्हाला कोणी कळवले नाही, त्यामुळे कागदोपत्री मी बहुधा अजूनही सदस्य आहे.

या प्रकारात कोणाचा दुष्टावा होता असे मला वाटत नाही. शिफारस बाजूला ठेवण्याला काहीच किंमत मोजावी लागत नव्हती, म्हणून ती बाजूला राहिली. लेखी उत्तर द्यायचे म्हटले की फाइल उघडावी लागते, टिपणी लिहावी लागते आणि कोणाला तरी तिच्याखाली सही करावी लागते. उत्तर "नाही" असे आले तरी चालेल. "या कामासाठी लेखाशीर्ष नाही" असे कळले तर पुढच्या अंदाजपत्रकात ते लेखाशीर्ष मागता येते. "हा विषय जलसंपदा विभागाचा आहे" असे कळले तर निदान कोणाचे दार ठोठवायचे ते समजते. उत्तरच आले नाही, तर दोन वर्षांनी सदस्य थकतात आणि पुढच्या समितीला पुन्हा पहिल्या सूचनेपासून सुरुवात करावी लागते.

दुसरा मुद्दा सदस्य कोण असावेत हा आहे, आणि त्यावर मला थोडे विस्ताराने लिहायचे आहे. पूर्व भागात आमच्या शेजारच्या गल्लीत विडी वळणाऱ्या एक अक्का राहतात. घर पत्र्याचे, एका खोलीचे. दारात पाणी साठवायचे निळे बॅरल. गेल्या मे महिन्यात दुपारी दोनच्या सुमारास काही कामानिमित्त त्यांच्याकडे गेलो, तेव्हा त्या मांडीवर सूप घेऊन बसल्या होत्या. सुपात तंबाखू आणि कापलेली पाने, बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेला पानांचा गठ्ठा आणि डोक्यावरचा पंखा बंद. मला वाटले वीज गेली असावी. "वीज आहे की, भाऊ. पंखा लावला की तंबाखू उडते आणि पान वाळून तडकतं," त्या म्हणाल्या. पत्र्यावर गोणपाट टाकून ते भिजवायची त्यांची पद्धत आहे. पण नळ चार-पाच दिवसांआड येणार, म्हणून गोणपाटावर किती ओतायचे आणि प्यायला किती राखायचे हा हिशेब त्यांना रोज घालावा लागतो. बॅरलमधले पाणी तोवर हात पोळेल इतके तापलेले असते.

उन्हाळ्यात प्रशासनाकडून जी सूचनापत्रके निघतात, त्यांत दुपारी बारा ते तीन या वेळेत घराबाहेर पडू नका, असे पहिलेच वाक्य असते. अक्का घराबाहेर पडतच नव्हत्या. समोरच्या कडुनिंबाखाली येऊन बसल्या असत्या, तर त्यांना कमी त्रास झाला असता. हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत ठेवलेला असतो. त्यात ४३ अंश दिसतात तेव्हा पत्र्याखाली काय असेल, हे त्या आकड्यावरून कळत नाही. यंत्रमागाच्या शेडमध्ये तर आणखी वेगळा प्रकार आहे. सूत तुटू नये म्हणून तिथली हवा दमट ठेवावी लागते, आणि दमट हवेत घाम लवकर सुकत नाही, त्यामुळे कोरड्या उन्हात जे तापमान शरीर सोसते तेच शेडमध्ये सोसवत नाही. या गोष्टी ज्यांना रोज अंगावर घ्याव्या लागतात, त्या विडी कामगार स्त्रिया आणि मागावरचे कामगार समितीत नसतील, तर पर्यावरणशास्त्राचे कितीही प्राध्यापक बसवले तरी "घराबाहेर पडू नका" हेच वाक्य पुन्हा छापले जाईल. प्राध्यापकांचा अनादर करण्याचा हेतू नाही. त्यांचीही गरज आहेच.

अहमदाबादचे उदाहरण इथे उपयोगी आहे. मे २०१० मधल्या तीव्र उष्म्यात तिथे मोठ्या संख्येने माणसे दगावल्यानंतर २०१३ मध्ये त्या महापालिकेने उष्माघातविरोधी कृती आराखडा केला, आणि दक्षिण आशियातला तो पहिला असा आराखडा मानला जातो. दवाखान्यांची तयारी आणि आगाऊ इशारे यांच्या जोडीने पुढे गरीब वस्त्यांतल्या घरांच्या छतांना पांढरा रंग देण्याचे कामही तिथे हाती घेतले गेले. आपल्याकडे विडी कामगारांच्या पत्र्यांपासून याची सुरुवात करता येईल का, किती घरांची, कोणत्या प्रभागात, आणि एका हंगामानंतर तो रंग टिकतो का, हे अशा समितीने विचारायचे प्रश्न आहेत. असे प्रश्न छोटे असतात, म्हणूनच त्यांना उत्तर देता येते.

पण अक्का बैठकीला येणार कशा? कामाच्या दिवशी सकाळी अकरा वाजता, तीही विनामोबदला, अशी बैठक ठेवली की तिला माझ्यासारखे निवृत्त लोक, संस्थाचालक आणि दुकान मुलावर सोपवून येऊ शकणारे व्यापारी एवढेच पोचतात. विडीची मजुरी हजार विड्यांमागे आणि मागाची कापडावर असते. अर्धा दिवस गेला की अर्ध्या दिवसाचा पैसा गेला. "स्वयंसेवी" या शब्दाचा आपण फार सोयीचा अर्थ लावतो. ज्याचे पोट रोजंदारीवर आहे त्याला बुडालेली मजुरी आणि रिक्षाभाडे दिले, तर त्याच्या सेवाभावाला कमीपणा येत नाही. बैठक सायंकाळी, पूर्व भागातल्या किंवा हद्दवाढ भागातल्या एखाद्या महापालिका शाळेत घेतली तर आणखी बरे. आणि आपले शहर मराठीइतकेच तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलते, हेही बोलणाऱ्याला अडवताना लक्षात ठेवावे.

आता पाण्याकडे येतो. शहराला उजनी धरणातून थेट जलवाहिनीने, टाकळीहून भीमेच्या पात्रातले आणि एकरुख म्हणजे हिप्परगा तलावातले असे तीन ठिकाणांचे पाणी मिळते. टाकळीसाठी औज आणि चिंचपूर येथील बंधारे भरावे लागतात आणि त्यासाठी उजनीतून नदीत पाणी सोडले जाते. हे पाणी टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत, मोजतात; एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३० कोटी लिटर. बंधाऱ्यापर्यंत पोचेतो त्यातले किती उन्हाने उडाले, किती वाळूत जिरले आणि किती वाटेत उपसले गेले, याचा हिशेब प्रत्येक आवर्तनानंतर, म्हणजे पाणी सोडण्याच्या प्रत्येक खेपेनंतर, नागरिकांसमोर मांडला जावा, ही शिफारस कोणत्याही समितीला पहिल्याच बैठकीत करता येईल. उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी असली, तरी त्यातला निम्म्याहून अधिक भाग मृतसाठा, म्हणजे तळाचे राखीव पाणी, आहे आणि टक्केवारी त्याच्या वरच्या साठ्यापासून मोजतात, म्हणूनच "उणे" टक्केवारी हा शब्द सोलापूरच्या माणसाला बालपणापासून पाठ असतो. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेले होते आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात ते पूर्ण भरले. २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीच्या महापुराने जिल्ह्यातली गावेच्या गावे वेढली. इतक्या टोकाच्या वर्षांसाठी शहराचे नियोजन करायचे, तर उजनीच्या समांतर जलवाहिनीचे वाढीव पाणी साठवणाऱ्या टाक्या आणि ते गल्लीपर्यंत नेणाऱ्या वाहिन्या कोणत्या भागात कधी होणार, हे तारखेनिशी विचारणारे कोणीतरी हवे. नगरसेवक विचारतीलच, असे म्हणता येईल. तथापि मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपल्यावर शहर दीर्घकाळ प्रशासकांच्या हाती होते, आणि त्या काळात विचारणारे सभागृहच नव्हते, हे आपण पाहिले आहे.

यासाठी नवा कायदा लागत नाही. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ मध्येच, प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने सल्ल्यासाठी नेमलेली मंडळे आणि समित्या कोणत्या, त्यांच्या बैठका जनतेला खुल्या आहेत का आणि इतिवृत्त पाहायला मिळते का, हे कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता आपणहून प्रसिद्ध करावे, असे म्हटले आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६७-अ नुसार आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैपूर्वी शहराच्या पर्यावरणाच्या स्थितीचा अहवाल महापालिकेसमोर ठेवायचा असतो. समितीचा अभिप्राय आणि त्यावरचे प्रशासनाचे उत्तर ही दोन प्रकरणे त्याच अहवालाला जोडली, तर वेगळे पुस्तक छापायचा खर्चही वाचेल. झाडांपुरते बोलायचे तर १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याने वृक्ष प्राधिकरण दिलेच आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीने तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याचे बंधनही घातले आहे. चाळीस वर्षांचे झाड गेले तर चाळीस रोपे कुठे लावली आणि तिसऱ्या उन्हाळ्यानंतर त्यातली किती जगली, हे स्वयंसेवकांना चालत जाऊन मोजता येते.

अमेरिकेत अनेक शहरांत नागरिकांची अशी पर्यावरण मंडळे नगर परिषदेला सल्ला देतात. तिथलाही सल्ला बंधनकारक नसतो, त्यामुळे त्यांचे फार कौतुक करण्याचे कारण नाही. परंतु कॅलिफोर्निया राज्यातला १९५३ चा ब्राउन कायदा मला घेण्याजोगा वाटतो. नगर परिषदेने रीतसर नेमलेल्या सल्लागार समित्यांनाही तो लागू होतो. नियमित बैठकीची विषयपत्रिका किमान ७२ तास आधी लोकांना दिसेल अशी लावावी लागते आणि बैठकीला आलेल्या साध्या नागरिकाला बोलण्याची संधी द्यावी लागते. म्हणजे सल्ला फेटाळला तरी तो उघड्यावर फेटाळला जातो. आपल्याकडच्या बैठकीचा निरोप मला एकदा आदल्या रात्री साडेनऊला भ्रमणध्वनीवर आला होता.

हितसंबंधांबद्दलही स्पष्ट असावे. सौरऊर्जेची यंत्रे विकणारा, कचऱ्याचे ठेके घेणारा किंवा रोपवाटिका चालवणारा माणूस समितीत नसावा असे मी म्हणणार नाही, कारण या कामांतले बारकावे त्यालाच माहीत असतात. परंतु आपला व्यवसाय त्याने पहिल्या दिवशी लिहून द्यावा आणि त्या विषयावर मत नोंदवताना बाहेर बसावे. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात सोलापूरचा समावेश आहे आणि त्याचा देशभरातला बराच खर्च रस्त्यावरच्या धुळीवर होत आला आहे. धूळ झाडणारी यंत्रे घ्यायची की आणखी काही करायचे, अशा प्रश्नावर सल्ला देणाऱ्याची विक्रेत्याशी ओळख किती, हे आधी कळलेले बरे.

राहता राहिली वेळ. समितीच्या शिफारशी अंदाजपत्रकाची जुळवाजुळव सुरू होण्यापूर्वी, म्हणजे दिवाळीच्या आसपास, आयुक्तांच्या हाती पडाव्यात आणि त्यांचे उत्तर साठ दिवसांत यावे. मार्चमध्ये दिलेल्या सल्ल्याला पुढच्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत पैसा मिळत नाही, आणि तोवर आणखी एक उन्हाळा त्याच पत्र्याखाली जातो.

आपल्याकडेही एक विनंती आहे. उजनीचा पाणीसाठा आपण रोज छापता आणि आम्ही चहाच्या आधी तो पाहतो. समिती नेमली गेली, तर त्याच चौकटीच्या खाली दोन ओळी वाढवाव्यात: कोणती शिफारस कोणत्या तारखेला दिली, आणि उत्तर कोणत्या तारखेला आले. उत्तर आले नसेल त्या दिवसांत ती जागा कोरी सोडली तरी चालेल.

आपला विश्वासू,
वस्त्रोद्योगातील एक निवृत्त पर्यवेक्षक
पूर्व भाग, सोलापूर