दगड क्रमांक ४१

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आमच्या गावच्या स्टेशनची जुनी इमारत 'अलगद हलवून' जतन करावी, असा लेख आपण परवा छापलात. कालचा दिवस गप्प बसून पाहिले, जमले नाही. लेखकमहाशयांचा हेतू चांगला आहे, याबद्दल वाद नाही. पण आमच्या खानापूर तालुक्यात हलवलेली वस्तू शेवटी कुठे पोचते, हे त्यांना ठाऊक नसावे.

श्रीरंगपट्टणचा दाखला त्यांनी दिला, तो खरा. २०१७ साली बंगळूर-म्हैसूर लोहमार्गाच्या दुहेरीकरणात टिपूचे शस्त्रागार आडवे आले. ते न पाडता खालून लोखंडी तुळया घालून, जॅकवर उचलून, सुमारे १,००० टनांची ती वास्तू अख्खीच्या अख्खी शंभरेक मीटर सरकवली. आपल्याच नैऋत्य रेल्वेच्या हद्दीत! गोव्यात सांगे तालुक्यातल्या कुर्डीचे महादेवाचे देऊळ साळावली धरणाखाली जाणार होते, तेही दगड न् दगड उतरवून दुसरीकडे पुन्हा उभे केले. मी ते पाहून आलो आहे. म्हणजे दगडी वास्तू हलत नाही, असे माझे म्हणणे नाही. पण तिथे नवी जागा आधी ठरली होती, वास्तू मग हलली. परवाच्या लेखात जागेबद्दल 'योग्य ठिकाणी' एवढेच दोन शब्द आहेत. त्या दोन शब्दांनी मला रात्री झोप लागू दिली नाही, कारण ते मी आधी ऐकलेले आहेत.

नव्वदच्या दशकात मीटर गेजचे अरुंद रूळ काढून ब्रॉड गेजचे रुंद रूळ आले, तेव्हाची गोष्ट. माझे वडील गेटमन. स्टेशनच्या पश्चिमेला ब्रिटिश अमदानीतल्या सदर्न मराठा रेल्वे कंपनीच्या वेळची लहानशी दगडी खोली होती. दिवे, झेंडे, रॉकेलचे डबे तिच्यात असत. बाहेर रुळाचा तुकडा टांगलेला. गाडी मागच्या स्टेशनातून सुटली की पोर्टर त्यावर ठोके देई आणि त्या ठोक्यांवर आई घरात भात चढवी. ती खोली नव्या रुळांच्या आड येत होती. साहेब आले, म्हणाले, नंबर घालून उतरवू आणि योग्य ठिकाणी पुन्हा उभी करू. खरोखर नंबर घातले हो! पांढऱ्या ऑइल पेंटने, एका पोराकडून. वडील दिवसभर त्याच्यामागे उभे राहून आकडे मोजत होते. नकाशा कोणी काढला नाही. कुठला नंबर कुठे बसायचा, हे त्या पोरालाच ठाऊक, आणि तो पोरगा पावसाळ्याआधी कॉन्ट्रॅक्टरबरोबर निघून गेला.

ढीग दोन पावसाळे पडून राहिला. तिसऱ्या वर्षी निम्मा झाला. काही दगड एका नव्या कंपाउंडच्या पायात गेले, काही विहिरीच्या कठड्याला लागले. रुळाचा तुकडा भंगारात गेला असावा. खोटे कशाला बोलू, एक दगड आमच्याही परसात आहे. वडिलांनीच एका संध्याकाळी बैलगाडीतून आणला आणि त्याबद्दल पुढे चकार शब्द काढला नाही. आमची मंडळी त्यावर धुणे धुतात. इतकी वर्षे साबण लागूनही ४१ हा आकडा अजून वाचता येतो. ऑइल पेंट चांगल्या प्रतीचा होता, हे मान्य करावे लागेल.

आणि समजा, इमारत धडपणे हलली. आणि एखाद्या उद्यानात उभी राहिली. स्टेशन मास्तरांची खिडकी पुढे काढलेली असते ती दोन्ही बाजूंचे सिग्नल एका जागेवरून दिसावेत म्हणून. उद्यानात तिच्यातून काय दिसणार, भेळेची गाडी? त्यापेक्षा इमारत आहे तिथेच ठेवा, कौले परता, आत तिकीटघर नाही तर निदान प्रवाशांना बसायला जागा करा. कारण नव्या फलाटावर शेड पुरेशी नाही. आमच्याकडचा जूनचा पाऊस आडवा येतो, छत्रीने भागत नाही. गेल्या वर्षी मी नातीला घेऊन चाळीस मिनिटे भिजलो, तेव्हा शेजारी कुलूपबंद जुन्या इमारतीचा व्हरांडा कोरडा ठणठणीत होता. हे मी आपल्याला तेव्हाच लिहून कळवले होते. त्या पत्रातला शेडचा परिच्छेद आपण गाळलात आणि पावसाचे वर्णन तेवढे छापलेत. या वेळी कात्री लावायची झाल्यास कृपया कुर्डीला लावावी, शेडला नको.

रेल्वेला ती खोली पुन्हा उभारायची असेल, तर दगड क्रमांक ४१ मी आजही द्यायला तयार आहे. मात्र नेताना पावती हवी, आणि मंडळींना धुण्यासाठी दुसरा दगड.

आपला,
एका गेटमनचा मुलगा,
ता. खानापूर, जि. बेळगाव