पर्यटकाने दुपारी कुठे जेवावे, हे कोण ठरवते?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीची सुटी लागली की छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्यांवर पुण्या-मुंबईच्या, नाशिक-जळगावच्या गाड्या दिसू लागतात आणि हा ओघ हुरड्याचे दिवस सरेपर्यंत कमी होत नाही. या पाहुण्यांसाठी वेरूळची, देवगिरीची, बीबी का मकबऱ्याची माहिती पुस्तिकांतून, फलकांवर आणि मार्गदर्शकांच्या तोंडून उपलब्ध असते. परंतु दुपारच्या जेवणासाठी प्रत्येकाला तास-दीड तास काढावाच लागतो, त्याविषयी त्यांना कोणी काही सांगत नाही. मग तो निर्णय गाडीच्या चालकावर सोडला जातो, आणि देवगिरीचा बालेकिल्ला चढून-उतरून घामाघूम झालेली मंडळी हमरस्त्यावरच्या एखाद्या वातानुकूलित हॉटेलात पनीर बटर मसाला आणि व्हेज मंचुरियन खाऊन पुढे निघतात. हे दोन्ही पदार्थ त्यांना स्वतःच्या घराजवळच्या नाक्यावरही मिळतात. मराठवाड्यात येऊन मराठवाड्याचा एक घासही न खाता पाहुणा परत जावा, हे मला आपल्या पाहुणचाराला शोभणारे वाटत नाही.

यात सगळा दोष चालकाच्या माथी मारण्याची आपल्याला सवय आहे. काही हॉटेलांत चालकाचे जेवण फुकट असते आणि वर गिऱ्हाईक आणल्याबद्दल काही रक्कमही मिळते, ही या धंद्यातली जुनी रीत आहे व ती कोणापासून लपलेली नाही. पण पहाटे घर सोडून रात्री उशिरा परतणाऱ्या चालकाला जेवणाचा भत्ता कोणी नीट देत नसेल, तर तो जिथे आपल्या पोटाची सोय होते तिथेच गाडी वळवणार, यात नवल ते काय? शिवाय खरे कारण याहूनही साधे आहे. त्या हॉटेलांसमोर मोठी बस उभी राहू शकते आणि आत स्वच्छ स्वच्छतागृह असते. लहान मुले आणि वयस्क माणसे बरोबर घेऊन फिरणाऱ्या कुटुंबातील बाई जेवणाची जागा निवडताना आधी काय पाहते, हे कोणत्याही घरात विचारून पाहावे. स्वयंपाक कितीही चवदार असला तरी हात धुवायला पाणी नाही आणि स्वच्छतागृहाला कडी नाही, अशा ठिकाणी ती पुन्हा पाऊल ठेवणार नाही. हमरस्त्यावरची हॉटेले बाजी मारतात ती या सोयींमुळे, हे आपल्याकडच्या लहान खानावळवाल्यांनीही मनावर घ्यायला हवे.

जेवणाची जागा ठरवताना जेवणानंतर काय पाहायचे आहे याचाही विचार करावा लागतो, आणि तो क्वचितच केला जातो. वेरूळची लेणी पश्चिमाभिमुख आहेत. त्यामुळे सकाळी ती सावलीत असतात आणि सोळा क्रमांकाच्या कैलास लेण्यावर दुपारनंतर ऊन येऊ लागते. म्हणून जाणती मंडळी सकाळी आधी देवगिरी गाठतात. उन्हाचा कडाका वाढण्यापूर्वी अंधारी, म्हणजे किल्ल्यातला काळोखा भुयारी मार्ग, पार करून, बालेकिल्ल्याच्या पायऱ्या चढून खाली येतात आणि घाट चढून खुलताबादमार्गे वेरूळला उतरतात. या क्रमाने गेल्यास जेवणाची वेळ साधारण खुलताबाद आणि वेरूळ यांच्या दरम्यान येते. अशा वेळी अमर्याद थाळीचे फलक लावलेल्या हॉटेलात शिरून श्रीखंड-पुरी चेपली, तर पुढची चौतीस लेणी जांभया देत पाहावी लागतात. जैन लेण्यांपर्यंत तर बहुतेक जण पोहोचतच नाहीत. त्या दुपारी भाकरी, पिठले, ठेचा आणि वाटीभर ताक एवढे पुरते. थाळी रात्री शहरात परतल्यावर खावी.

वेरूळ-म्हैसमाळच्या वाटेवर अशी पिठले-भाकरी मिळते. पण ‘चुलीवरची भाकरी’ असा फलक दिसला की लगेच गाडी थांबवू नये, अशी माझी विनंती आहे. कारण अलीकडे पुढे फलक चुलीचा आणि मागे शेगडी गॅसची, असाही प्रकार पाहायला मिळतो. गॅसवर भाकरी भाजणे हा काही गुन्हा नाही, पण मग फलक तरी खरा असावा. आत जाऊन एकच गोष्ट पाहावी. गरम पाण्यात भिजवलेले ज्वारीचे पीठ काटवटीत तुमच्यासमोर मळले जाते आहे का, तव्यावर टाकलेल्या भाकरीवर पाण्याचा हात फिरवला जातो आहे का आणि तव्यावरून उतरून निखाऱ्याला लागलेली भाकरी टम्म फुगते आहे का, हे पाहिले की बाकी चौकशीची गरज उरत नाही. उलट, फडक्यात गुंडाळलेली भाकऱ्यांची चवड सकाळपासून तशीच पडून असेल, तर पिठले कितीही तिखट-चमचमीत असो, तिथून उठावे. ज्वारीची भाकरी गार झाली की वातड होते, हे मराठवाड्यातल्या माणसाला वेगळे सांगायला नको; पण कोकणातून आलेल्या पाहुण्याला ते ठाऊक असेलच असे नाही. ज्या प्रदेशातल्या जालन्याच्या दगडी ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, त्या प्रदेशात पाहुण्यांच्या ताटात मैद्याची रोटी वाढली जावी, याची गंमत वाटावी की खेद, हे मला ठरवता आलेले नाही.

घृष्णेश्वराच्या परिसरात सोमवारी, श्रावणात आणि महाशिवरात्रीला उपवासाचे पदार्थ सहज मिळतात, पण त्या दिवशी गर्दीही तेवढीच असते. शनिवारी खुलताबादला भद्रा मारुतीच्या दर्शनाला येणाऱ्यांची रीघ लागते, म्हणून शनिवारी जेवणासाठी तिथे थांबण्यापेक्षा पुढे वेरूळ गाठलेले बरे. मंगळवारी वेरूळची लेणी आणि सोमवारी अजिंठ्याची लेणी बंद असतात, हे ठाऊक नसल्यामुळे परत फिरणारी कुटुंबे दरवर्षी दिसतात. त्यांच्या नशिबी त्या दिवशी केवळ जेवणच उरते, तेव्हा ते तरी चांगले मिळावे. अजिंठ्याला फर्दापूरच्या फाट्यावर खासगी वाहने थांबतात आणि पुढे बसने लेण्यांकडे जावे लागते. एकदा बसमध्ये बसले आणि लेण्यांची रांग पाहायला लागले की मध्येच जेवायला बाहेर येणे कोणालाच सोयीचे नसते, त्यामुळे तिथे पोटपूजा आधी उरकलेली चांगली. ज्यांना हे जमणार नसेल त्यांनी घरून धपाटे न्यावेत. दह्याबरोबर किंवा लसणाच्या चटणीबरोबर ते दुसऱ्या दिवशीही चांगले लागतात, आणि ते लेण्यांत न खाता बाहेर, सावलीत बसून खावेत.

आता शहराविषयी. १६१० मध्ये मलिक अंबरने खडकी वसवली तेव्हापासूनचे हे शहर नहरींचे, दरवाजांचे आणि पेठांचे आहे. पण मकबरा आणि पाणचक्की पाहून झाले की पर्यटकांच्या गाड्या थेट जालना रस्त्याकडे वळतात. शहागंज, सराफा, गुलमंडी हा जुना गाभा तसाच बाजूला राहतो. वास्तविक याच भागात दुपारी जेवावे असा एक पदार्थ आहे, ज्यासाठी बाहेरगावची खवय्ये मंडळी मुद्दाम येतात, तो म्हणजे नान-कलिया. महंमद बिन तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून दौलताबादला, म्हणजे याच देवगिरीला, हलवली, तेव्हा लष्कराच्या भटारखान्यातून हा पदार्थ इथे आला, असे परंपरेने सांगितले जाते. इतिहासकारांनी त्याची काय चिकित्सा करायची ती करावी, पण हजारो माणसांना एकाच वेळी जेवू घालण्याची ती युक्ती आजही त्याच्या रचनेत दिसते. मटणाचा कलिया मोठ्या देगेत मंद आचेवर शिजतो आणि नान वेगळ्या भट्टीत भाजून, वर पिवळसर तकाकीचा हात फिरवून चवडीने रचून ठेवलेली असते. गिऱ्हाईक आले की पळी देगेत खोलवर जाते, वरची लाल तर्री बाजूला सारून खालचे मटण वर काढते आणि मग पुन्हा बेताने थोडी तर्री त्यावर सोडते. हे करणाऱ्या माणसाच्या मनगटाकडे दोन मिनिटे पाहत उभे राहावे. देग रिकामी झाली की काम संपले. म्हणून तीन वाजता जाऊन ‘संपले’ हे उत्तर ऐकण्यापेक्षा पाणचक्कीहून थेट तिकडे निघालेले चांगले. शाकाहारी मंडळींनी गुलमंडी-औरंगपुऱ्याकडे वळावे. त्या बाजूला साध्या खानावळी आहेत, आणि जेवणानंतर गुलमंडीची इमरती आहेच.

या जुन्या भागात मोठी बस शिरू शकत नाही, हे मला मान्य आहे. पण भडकल दरवाजाच्या बाजूला गाडी लावून पुढे रिक्षाने जाणे अशक्य नाही. महापालिकेने पर्यटनाच्या चार महिन्यांसाठी जरी एखादी जागा बसगाड्यांकरिता राखून ठेवली आणि शहागंज परिसरात एक स्वच्छ, पाणी असलेले सार्वजनिक स्वच्छतागृह नीट चालवले, तरी जुन्या शहरातल्या खानावळवाल्यांना दुसऱ्या कोणत्याही मदतीची गरज भासणार नाही.

बिलाबद्दलही चार शब्द लिहिणे भाग आहे. गेल्या मोसमात माझ्याकडे आलेल्या नातेवाइकांना एका हॉटेलात दिलेल्या बिलावर ‘सेवा शुल्क’ म्हणून वेगळी रक्कम लावलेली होती, आणि ती सरकारी कर आहे असे त्यांना सांगण्यात आले. ती कर नव्हे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच हे शुल्क बिलात आपोआप लावू नये असे मार्गदर्शक तत्त्वांद्वारे बजावले आहे आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती तत्त्वे कायम ठेवली आहेत. ग्राहकाने शांतपणे ही रक्कम वगळण्यास सांगावे, आणि ऐकले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. १ जानेवारी २०२२ पासून बिलावर अन्न परवान्याचा चौदा अंकी क्रमांक छापणेही बंधनकारक आहे. ज्या हॉटेलाच्या बिलावर तो क्रमांक नाही, तिथे भिंतीवर कितीही सुंदर कैलास रंगवलेला असला तरी त्याचा काही उपयोग नाही.

वेरूळच्या किंवा मकबऱ्याच्या दारातच खाण्याची चांगली सोय का नाही, असे पुष्कळ जण विचारतात. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरपर्यंत परवानगी घ्यावी लागते. २०१० च्या कायद्याने ही तरतूद अधिक कडक केली. ती योग्यच आहे. कैलासाच्या तोंडाशी तळणाचा धूर कोणाला हवा आहे? पण या मर्यादेच्या बाहेर, वाहनतळाजवळ, गावातल्या महिला बचत गटांना पक्की सावली, नळाचे पाणी आणि हात धुण्याची जागा देणे हे पर्यटन विभागाला आणि जिल्हा परिषदेला सहज शक्य आहे. मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात याच जिल्ह्यांतल्या बाया भाकरी-ठेचा विकतात आणि त्यासाठी रांगा लागतात. त्यांनाच आपल्या गावच्या लेण्यांजवळ मात्र उघड्यावर, टोपली घेऊन बसावे लागते. सीताफळाच्या दिवसांत देवगिरीच्या पायथ्याशी फळे विकणाऱ्यांची स्थिती याहून वेगळी नाही.

म्हणून माझी मागणी मोठ्या योजनेची नाही. मकबरा, देवगिरी आणि वेरूळ येथील तिकीट खिडकीशेजारी मराठी, हिंदी आणि इंग्रजीत एक फलक असावा, ज्यावर जवळपास काय खायला मिळते, कोणत्या भागात, साधारण किती वाजेपर्यंत, आणि तिथे वाहनतळ व स्वच्छतागृह आहे की नाही, एवढेच लिहिलेले असेल. त्यावर कोणत्याही हॉटेलाची जाहिरात घेऊ नये. जाहिरात आली की फलकाचा भरवसा गेला. खानावळवाल्यांनी दरपत्रक आत टेबलावर न ठेवता बाहेर, दिसेल असे लावावे. आणि गाडी भाड्याने देणाऱ्या व्यावसायिकांनी चालकाच्या जेवणाचा भत्ता भाड्याच्या पावतीवर स्वतंत्रपणे लिहून प्रवाशांकडून उघडपणे घ्यावा. प्रवाशांनीही तो देताना कुरकुर करू नये. पाच जणांच्या जेवणाच्या बिलापुढे सहाव्या माणसाचे ताट फार महाग नसते, आणि त्याचे पोट कोणा हॉटेलवाल्याच्या मेहेरबानीवर अवलंबून नसले, तर ‘साहेब, इथली भाकरी चांगली आहे’ हे तो मनापासून सांगू शकेल.

हा मोसम सुरू होण्यापूर्वी किमान तिकीट खिडकीशेजारचे फलक तरी लागावेत, यासाठी आपल्या वृत्तपत्राने पर्यटन विभागाकडे आणि महापालिकेकडे पाठपुरावा करावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक वाचक, छत्रपती संभाजीनगर