युनिया बाईच होती

महोदय,

रविवारच्या पुरवणीत बायबलमधल्या मुलींच्या नावांची यादी वाचली. ‘युनिया’ या नावापुढे ‘जून महिन्यात जन्मलेली’ एवढंच लिहून लेखक पुढच्या नावाकडे वळले आहेत. हे काही पटलं नाही.

रोमन लोक मुलीला वडिलांच्या कुळाचंच नाव स्त्रीलिंगी करून देत. यूनियस कुळातली प्रत्येक मुलगी युनिया. सीझरला मारणारा मार्कस यूनियस ब्रूटस त्याच कुळातला, आणि त्याच्या तिन्ही सावत्र बहिणीही युनियाच. वेगळं ओळखायला ‘पहिली’, ‘दुसरी’, ‘तिसरी’ असं म्हणायचं. जन्ममहिन्याचा इथे संबंध नाही. गुलाम मुक्त झाला की मालकाचं कुळनाव लावी. त्यामुळे एखाद्या यहुदी बाईचं नाव युनिया असेल, तर ती किंवा तिचे पूर्वज मुक्त गुलामांपैकी असण्याची शक्यता बरीच.

नव्या करारात हे नाव एकदाच येतं, रोमकरांस पत्रात (१६:७). इ.स. ५७च्या सुमारास आद्य ख्रिस्ती प्रचारक पौल ग्रीकमध्ये लिहितो की अंद्रोनीक आणि युनिया हे माझे नातलग, माझ्याबरोबर कैद भोगलेले, माझ्याआधी ख्रिस्ती झालेले आणि प्रेषितांमध्ये, म्हणजे येशूचा संदेश पोचवायला पाठवलेल्यांमध्ये, नावाजलेले आहेत. चौथ्या शतकातला ख्रिस्ती धर्मोपदेशक योहान क्रिसोस्तोम याची मातृभाषा ग्रीकच. प्रेषित म्हणवून घेण्याइतकी ही बाई शहाणी होती, असं त्याने तिचं कौतुक केलं आहे. बायकांची बाजू घेण्याबद्दल तो काही प्रसिद्ध नाही, म्हणून त्याची साक्ष मला जास्त मोलाची वाटते.

गडबड झाली ती पुढे. या वाक्यात नाव द्वितीया विभक्तीत आहे, त्या रूपात बाईचं आणि पुरुषाचं नाव सारखंच लिहिलं जातं, आणि जुन्या हस्तलिखितांत स्वराघाताच्या खुणा नसत. खूण एका अक्षरावर दिली की युनिया ही बाई, दुसऱ्यावर दिली की ‘युनियास’ नावाचा पुरुष! बाई प्रेषित कशी असेल, या शंकेपोटी मध्ययुगापासून काहींनी पुरुष धरला. धर्मसुधारक लूथरच्या जर्मन भाषांतरात पुरुषच आहे. १६११च्या इंग्रजी बायबलात मात्र बाई होती. १८८१च्या सुधारित आवृत्तीत तिचाही पुरुष झाला. अभ्यासक वापरतात त्या नेस्लेच्या ग्रीक संहितेत १९२७ साली पुरुषी खूण आली, ती १९९८ साली निघाली. गंमत म्हणजे ‘युनियास’ हे पुरुषाचं नाव त्या काळच्या एकाही शिलालेखात सापडत नाही. युनिया नावाच्या बायकांचे लेख मात्र एकट्या रोममध्ये अडीचशेच्या वर आहेत.

वाक्यातली विशेषणं पुल्लिंगी अनेकवचनी आहेत, असा आक्षेप कुणी घेईल. आपणही नवराबायको दोघं ‘आले’ असंच म्हणतो की! आता नावाचा वाद बहुतेक मिटला आहे. उरलाय तो एवढाच की ती ‘प्रेषितांमध्ये नावाजलेली’ की ‘प्रेषितांना चांगली ठाऊक’. दुसरा अर्थ घेणारे अभ्यासकही आहेत, पण मला क्रिसोस्तोमचाच कान विश्वासाचा वाटतो.

यादीचा पुढचा भाग येणार असल्याचं छापलं आहे. त्यात फिबीचं नाव असेल, तर नुसतं ‘तेजस्वी’ लिहून थांबू नये. तीही रोमकरांस पत्राच्या याच सोळाव्या अध्यायात, पहिल्याच वचनात आहे. आणि जमल्यास युनियापुढचा ‘जून’ तेवढा काढावा.

– एक वाचक, अहिल्यानगर