निविदेत बाहेर पडायची वाटही लिहा : गृहमंत्र्यांना खुले पत्र

मा. गृहमंत्री महोदय,

सादर नमस्कार.

सरकारी इमारतींसाठी कॅमेऱ्यांची निविदा निघाली की तांत्रिक अटींमध्ये 'ऑनव्हिफला अनुरूप' हे दोन शब्द हमखास असतात. ऑनव्हिफ म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांना जोडता यावीत म्हणून मानकं ठरवणारी संस्था. मी या यंत्रणा बसवणाऱ्यांपैकी एक. पूर्वी ते शब्द वाचून बरं वाटायचं. आता त्यांच्यावरच सगळी मदार ठेवलेली पाहून धास्ती वाटते.

त्या शब्दांचं मोल आहेच. 2008 मध्ये ॲक्सिस, बॉश आणि सोनी या स्पर्धकांनी एकत्र येऊन ऑनव्हिफ उभं केलं. त्याआधी एका कंपनीचा कॅमेरा दुसरीच्या रेकॉर्डरला जोडायचा तर त्या जोडीपुरतं वेगळं सॉफ्टवेअर लागे. पण अनुरूप म्हणजे कोणत्या प्रोफाइलला, म्हणजे त्या मानकांच्या कोणत्या संचाला? 'एस' साध्या चित्रासाठी, 'जी' रेकॉर्डिंगसाठी, 'टी'मध्ये व्हिडिओ कमी जागेत बसवणारं एच.265 येतं, 'एम' विश्लेषणाच्या माहितीसाठी. नुसता 'एस' असलेला कॅमेराही तुमच्या अटीत बसतो. शिवाय ही अनुरूपता कंपनीच चाचणी करून जाहीर करते. ऑनव्हिफच्या संकेतस्थळावर अशा उत्पादनांची यादी असते. ती उघडून मॉडेल ताडून पाहिलेला खरेदी अधिकारी मला अजून भेटायचा आहे.

दारांची तऱ्हा आणखी वाईट. कार्ड रीडरपासून दार उघडणाऱ्या कंट्रोलरपर्यंत माहिती नेायला आजही अनेक ठिकाणी वायगँड ही जुनी पद्धतच वापरतात. कार्डाचा क्रमांक उघडाच जातो. रीडरमागच्या तारेला चिमटा लावला की तो टिपता येतो आणि पुन्हा पाठवता येतो. त्याची जागा घेणारं ओएसडीपी हे नवं मानक दुतर्फा बोलतं, एईएस-128 या कूटलेखनाने संदेश झाकू शकतं आणि 2020 पासून आयईसी या मानक संस्थेचं आंतरराष्ट्रीय मानकही आहे. गोम एवढीच की त्याचा सुरक्षित मार्ग बंद ठेवला तरी कागदावर ते ओएसडीपीच राहतं. काम उरकायच्या घाईत हे पाप मीही केलंय.

पण पत्र लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणाने. मानकांमुळे कॅमेरा कुणाचाही चालू लागला, तशी नुसत्या यंत्रावरची कमाई आटली. मग कंपन्या मासिक वर्गणीकडे वळल्या : क्लाउडवरचं रेकॉर्डिंग, विश्लेषण, मोबाइलवरून पाहणं. यात मला गैर वाटत नाही. 2016 मध्ये मिराई या घातक सॉफ्टवेअरने ठरावीक पासवर्डचे कॅमेरे आणि डीव्हीआर (रेकॉर्डर) हाताशी धरून संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन (Dyn) कंपनीची सेवा कोलमडवली, तेव्हा एकदा विकून टाकलेल्या त्या डब्यांची काळजी घेण्यात कुणाचाच फायदा नव्हता. दरमहा पैसे घेणारा निदान सुरक्षेची दुरुस्ती पाठवत राहील.

मात्र ग्राहकाला एकाच कंपनीशी बांधून ठेवणारं कुलूप तारेतून निघून क्लाउडमध्ये जाऊन बसलंय. माझ्या एका ग्राहकाने कंपनी बदलायची ठरवली. कॅमेरे धडधाकट होते, पण वर्गणी थांबताच रेकॉर्डिंग थांबलं आणि उतरवून घेतलेलं जुनं फुटेज त्याच कंपनीच्या प्लेअरशिवाय उघडेना. शेवटी चांगले कॅमेरे भिंतीवरून काढावे लागले. माहितीपत्रकावर ऑनव्हिफ छापलेलं होतंच.

म्हणून प्रोफाइलचं नाव लिहा, ओएसडीपीचा सुरक्षित मार्ग चालू असल्याचं दाखवून घ्या. पण त्याहून आधी करार संपल्यावर काय होईल ते लिहा. कॅमेऱ्यांचे पासवर्ड खात्याच्या हाती राहावेत, फुटेज साध्या प्लेअरवर चालावं, सुरक्षेच्या दुरुस्त्या किती वर्षं मिळतील तो आकडा करारात असावा. आणि सर्वात कमी बोली ठरवताना नुसती खरेदीची किंमत धरू नका, यंत्रणेच्या सगळ्या आयुष्याची वर्गणी त्यात मिळवा. आज डबा स्वस्तात देऊन वर्गणीत वसूल करणारा हटकून पहिला येतो.

एक सोपी चाचणीही सुचवतो. यंत्रणा ताब्यात घ्यायच्या दिवशी, शेवटचं बिल मंजूर होण्याआधी, इमारतीची इंटरनेटची तार काढायला सांगा आणि किती कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग चालू राहतं ते मोजून घ्या.

आपला,
एक इन्स्टॉलर