‘सेटलमेंट’ म्हणजे कर्जफेड नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात ऑफिसातल्या एका चोवीस वर्षांच्या सहकाऱ्याला वसुलीवाल्याचा फोन आला. क्रेडिट कार्डाची थकबाकी निम्म्या रकमेत मिटवा, उद्यापर्यंतच मुदत आहे, विषय कायमचा संपेल. मुलगा उसने पैसे गोळा करायला निघालाच होता. मी त्याला थांबवले, कारण हेच वाक्य सहा वर्षांपूर्वी मलाही ऐकवले गेले होते.

पहिल्या नोकरीत मला कार्ड मिळाले. बिलावर ‘किमान देय रक्कम’ छापलेली असे, तेवढी भरली की झाले, असे मी धरून चाललो. उरलेल्या रकमेवर महिन्याला साडेतीन टक्क्यांनी व्याज चढत होते आणि बाकी शिल्लक असल्यामुळे नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागत होते. हे कळेपर्यंत नोकरी सुटली. 62 हजारांची थकबाकी, दिवसाला सात-आठ फोन. घरी सांगायची हिंमत नव्हती. शेवटी 28 हजार भरून ‘सेटलमेंट’ केले आणि त्या रात्री कित्येक महिन्यांनी शांत झोपलो.

चार वर्षांनी गृहकर्जाची फाईल परत आली. ‘सिबिलमध्ये प्रॉब्लेम आहे’ एवढेच सांगितले गेले. तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे कर्जफेडीची नोंद आणि तिच्यावरून ठरणारा स्कोअर, काढला. त्यात प्रत्येक महिन्याचा एक चौकोन असतो आणि हप्ता किती दिवस थकला तो आकडा त्यात लिहिलेला असतो. माझ्या रांगेत आधी 000, 000, मग 030, 060, 091. ते चौकोन पाहताना प्रत्येक महिना डोळ्यांसमोर उभा राहिला. खाली शेरा होता, ‘सेटल्ड’. ‘क्लोज्ड’ नव्हे. याचा अर्थ ऋणकोने पूर्ण पैसे फेडले नाहीत, सावकाराने उरलेले सोडून दिले. पुढे कर्ज देणारा प्रत्येक जण तो शेरा याच अर्थाने वाचतो. पैसे भरताना मला हे कोणीही सांगितले नव्हते.

चूक माझी होती, हे मी कबूल करतो. पण चूक सुधारायची वाट आहे, आणि ती तरुण मुलांना ठाऊक नसते याचे मला फार वाईट वाटते. बँकेने सोडून दिलेली रक्कम भरायची तयारी मी दाखवली, भरली आणि ‘नो ड्यूज’, म्हणजे काही बाकी नसल्याचे, पत्र घेतले. तरीही शेरा बदलेना. तेव्हा हा रिपोर्ट तयार करणाऱ्या क्रेडिट माहिती कंपनीकडे तक्रार नोंदवली. अशी तक्रार 30 दिवसांत सुटली नाही तर दिवसाला 100 रुपये भरपाई द्यावी लागते, हा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल 2024 पासून लागू आहे. माझी तक्रार मुदतीत सुटली. जुने चौकोन मात्र पुसले गेले नाहीत. खरी नोंद कोणालाच पुसता येत नाही, म्हणून ‘पैसे द्या, स्कोअर वाढवून देतो’ म्हणणाऱ्यांना एक रुपयाही देऊ नये.

पुढचे काम संथ होते. मुदत ठेवीवर मिळणारे कार्ड घेतले, मर्यादेच्या पाव भागापेक्षा जास्त कधी वापरले नाही, प्रत्येक बिल पूर्ण भरले. दीड वर्षात स्कोअर 612 वरून 748 वर आला.

ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि क्रिफ हाय मार्क या चारही क्रेडिट माहिती कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत द्यावा, असा नियम 2017 पासून आहे. स्वतःचा रिपोर्ट पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही. या भीतीपोटी तो न पाहणारे किती तरी जण मला भेटले आहेत.

माझी मागणी एकच आहे. सेटलमेंटच्या पत्रावर, सही करण्याच्या जागेच्या वरच, ऋणकोच्या भाषेत आणि ठळक अक्षरांत लिहिणे सक्तीचे करावे : ‘ही कर्जफेड नाही. तुमच्या खात्यावर सेटल्ड असा शेरा पडेल आणि पुढे कर्ज नाकारले जाऊ शकते.’ त्याखालीच पूर्ण रक्कम हप्त्यांनी फेडण्याचा पर्यायही मांडलेला असावा. रिझर्व्ह बँकेने हे मनावर घ्यावे, आणि आपण हा विषय लावून धरावा, ही विनंती.

माझ्या सहकाऱ्याने वसुलीवाल्याला, आधी सगळे लेखी पाठवा, असे सांगितले आहे. पत्र अजून आलेले नाही. दरम्यान त्याने घरी सगळे सांगितले आणि पूर्ण थकबाकी हप्त्यांनी भरू द्यावी, असा अर्ज बँकेत स्वतः जाऊन दिला.

आपला,
एक वाचक
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)